उचलल्यावर ठेवायचं कसं

काजलने समोरच्या संघातल्या पायलची मांडी दोन्ही हातांनी धरली, तिला खांद्यापर्यंत उचललं आणि सोडून दिलं. ती मानेवरच यायची. नशिबाने खांद्यावर पडली. बेसा गावच्या मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण बघायला आलेले अर्धे लोक जुने कबड्डीवाले. त्यांच्या खेळात अशा पकडीला शिट्ट्या मिळतात. पण हा सामना रग्बीचा, आणि रग्बीत उचललेल्या खेळाडूला असं आदळणं म्हणजे मोठा गुन्हा.

रेफरी मधुवंतीने शिट्टी फुंकली आणि पायलजवळ बसली.

"उठू नको. बोटं हलवून दाखव."

पायलने दहाही बोटं हलवली, तेव्हा कुठे मधुवंतीच्या जिवात जीव आला.

आता कार्ड. पिवळं दाखवलं तर काजल दोन मिनिटं बाहेर बसून परत येणार. लाल दाखवलं तर तिचा हा सामना गेला, संध्याकाळची फायनलही गेली, आणि राज्याचा संघ तर त्या फायनलमधूनच निवडायचा होता.

सीमेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत काजलचे आजोबा, चंपतराव बसले होते. ही पकड त्यांचीच. पंधरा वर्षांपूर्वी जरीपटक्याच्या कबड्डीच्या मैदानावर त्यांनी ती मधुवंतीलाही शिकवली होती. वडील गेल्यावर पहिल्या स्पर्धेला तिला सायकलवर डबलसीट नेणारे तेच. या माणसावर तिचा फार जीव होता.

तिचा हात पिवळ्या कार्डाच्या खिशात गेला, तिथेच घुटमळला. मग तिने लाल काढलं.

"मॅडम, मी तं पकडच केली!" काजल रडकुंडीला आली. "आबाजीनंच शिकवली."

"मलेही त्यायनंच शिकवली. जा बाहेर."

मागून कुणीतरी हसलं, "घ्या! गुरूची विद्या गुरूले!"

सामना संपल्यावर मधुवंती चंपतरावांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले. तिचे डोळे भरून आले. झालं, तुटलं, असं तिला वाटलं.

चंपतराव काठी टेकत गवतावर गेले.

"काजल, इकडे ये वं. उचल मले."

"काहून, आबाजी?"

"उचल म्हणतो ना. तेच पकड."

काजलने त्यांना उचललं. एकेकाळचा गडी आता पोत्यातल्या कापसाएवढा उरला होता.

"आता ठेव," ते वरूनच म्हणाले. "ठेवायचं शिकवलंच नाही मी. तुलेही नाही अन् मधूलेही नाही. उचलण्यातच जिंदगी गेली."

काजल गुडघ्यांवर आली. त्यांच्या मानेखाली हात घालून तिने त्यांना गवतावर अलगद आडवं केलं.

चंपतरावांनी पडल्या पडल्या मधुवंतीकडे पाहिलं.

"आता बरोबर हाये का, मॅडम?"

इतक्या वर्षांत त्यांनी तिला मॅडम कधी म्हटलं नव्हतं. ती पुन्हा त्यांच्या पायांशी वाकली, तसे ते खेकसले, "अगोदर उठव तं मले! निजलेल्या माणसाच्या पाया पडतेत का कोणी?"

मधुवंती रडता रडता हसली, आणि तिने एक हात त्यांच्या मानेखाली घातला.