टाकी भरलेली, तरी उपाशी

मित्रांनो, शेडच्या कोपऱ्यात उभा असलेला जुना ट्रॅक्टर तो मीच. कारखान्यातून नवा कोरा आलो, तेव्हा माझ्या चकचकीत बॉनेटमध्ये बघून मालक मिशा सारख्या करायचे. एकोणीस वर्षं मी नांगर ओढला, ट्रॉली ओढली, चिखलात रुतलेल्या शेजाऱ्यांच्या गाड्याही ओढल्या. "वाघ आहे वाघ!" असं मालक चारचौघांत सांगत आणि मी फुगून जाई.

मग त्यांच्या सूनबाई माझ्या टाकीत बायोडिझेल भरू लागल्या. वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं ते इंधन. माझ्या धुराला तळणाचा वास येऊ लागला. शेजारी हसले, पण उन्हाळाभर मला ते छान मानवलं.

थंडी पडली आणि माझं काहीतरी बिनसलं. सकाळी सुरू होताच दोन-चार आचके द्यायचो आणि बंद! टाकी तर काठोकाठ भरलेली. मग माझ्या पोटात कावळे का ओरडावेत? दुपारी मेकॅनिक आला की पहिल्याच चावीला मी धडधडू लागायचो. "याला काय धाड भरलीय?" असं म्हणून तो निघून जायचा. मालक बिचारे रोज संध्याकाळी माझ्या इंजिनावर जुनी रजई घालत, तरी सकाळी पुन्हा तेच. मित्रांनो, मी कामचुकार तर झालो नाही ना, असं मलाच वाटू लागलं.

शेवटी मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो सकाळीच साखळी घेऊन आला. त्याच्यासमोरही मी आचके देऊन गप्प झालो.

"नेऊन टाका," मालक म्हणाले.

"बाबा, थांबा जरा!" सूनबाईंनी माझा फिल्टर खोलला. आत पिवळट, मेणासारखा गोळा. "हे बघा, तेल थिजलंय, इंजिनापर्यंत पोचतच नाही! आपण रजई इंजिनावर घालतो आणि टाकी, फिल्टर उघडेच. दुपारी उन्हानं पातळ होतं, मग मेकॅनिकला काय सापडणार?"

"म्हणजे तुझ्या तेलाचाच दोष."

"दोष माझा. थंडीत यात साधं डिझेल मिसळायचं असतं. मी कुणाला विचारलंच नाही."

नवा फिल्टर बसला. गरम पाण्यात पिळलेली फडकी टाकीला आणि नळीला गुंडाळली. टाकीत साधं डिझेल मिसळलं. तासाभरानं मी धडधडलो. भंगारवाला हात हलवत परत गेला.

मित्रांनो, कुणी अडून बसलं तर त्याला निकामी ठरवण्याआधी त्याच्या पोटात काय चाललंय ते बघा. आता टाकीवरही रजई असते. मालक मला पुन्हा वाघ म्हणतात. "नेऊन टाका" हे मी ऐकलं होतं, ते त्यांना ठाऊक आहे की नाही, मला अजून कळत नाही.