आधीच मानलेले आभार

मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणून एक झटका द्यायचा आणि हात वर नेत एकमेकींकडे चालत यायचं. मी आणि ताई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कित्येक वर्षं समोरासमोर उभ्या राहिलो. त्यामुळे तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झालाय, हे भावोजींच्या आधी मला कळलं. विचारलं तर म्हणाली, झोपेत अवघडला असेल. खोटं बोलताना ताई उगाचच नाक पुसते. मी तिला कपडे बदलायच्या खोलीत ओढत नेलं आणि हात लावून पाहिलं. काखेत लिंबाएवढी टणक गाठ होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीतही काहीतरी लागतंय म्हणाल्या. तुकडा काढून तपासायला हवा, उशीर करू नका, असं बजावून त्यांनी मंगळवारी बोलावलं. मध्ये रविवार आला आणि तिथेच सगळं बिघडलं.

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायची रीत आहे. ज्याला देवाने बरं केलं, त्याने उपासनेच्या शेवटी उभं राहून तसं सांगायचं. पण बरं होईपर्यंत थांबेल तो कसला विश्वासी? मागितलं ते मिळालंच असं धरायचं आणि आभार आधीच मानून टाकायचे. त्या दिवशी सुतारकाका उभे राहिले. बाकाला धरून त्यांनी सांगितलं, छातीतली कळ प्रभूने काढून घेतली. ते बसतात न बसतात तोच माझ्या शेजारून ताई उठली.

"प्रभूने माझी गाठ विरघळवली," ती म्हणाली.

बायकांनी तिला मिठ्या मारल्या, दोघी-तिघी रडल्या. मी मात्र बाकावरून उठले नाही. हात वर जात नव्हता म्हणून त्याच सकाळी तिचे केस मी विंचरून दिले होते.

मंगळवारी ती दवाखान्यात गेली नाही. मी समजावलं, भांडले, शेवटी बोलणं टाकलं. तिचं एकच म्हणणं होतं, "सगळ्यांसमोर आभार मानलेत मी. आता तपासायला गेले तर देवाला काय सांगू? भरवसा नव्हता, नुसतंच बोलले?" भावोजी पडले मऊ स्वभावाचे. तुम्ही बहिणी-बहिणी काय ते ठरवा, म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. बायको बरी झाली असं ती स्वतःच म्हणत असेल, तर कुठला नवरा हुज्जत घालेल?

मी काही देवाला न मानणारी नाही. गुडघे टेकून मीही रोज तेच मागत होते. पण देवाने डॉक्टरीणबाईही दिल्याच होत्या की. म्हणून मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, "दवाखान्यात जाऊ नका असं मी कधी कुणाला म्हटलंय?" खरंच, म्हटलं नव्हतं. आमच्यात ते कुणालाच म्हणावं लागत नाही. मी म्हटलं, हेच तिला घरी येऊन सांगा, तुमचं ऐकेल ती. त्यांनी कबूल केलं आणि माणूस शब्दाला जागला, आला.

ताईने चहा केला. साहेब घसा खाकरून सुरुवात करणार, एवढ्यात तीच म्हणाली, "अगदी बरं वाटतंय साहेब. हे बघा." आणि तिने हात सरळ छताकडे नेला. डावा हात.

"उजवा वर कर," मी म्हटलं.

ताई साहेबांकडे बघून हसली. म्हणाली, धाकटी आहे, काळजीने वेडी झालीय. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्यांची सुटका झाली होती. अवघड बोलणं टळलं होतं. त्यांनी डोळे मिटून उपकारस्तुतीची प्रार्थना केली, चहा संपवला आणि गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ताईने "आमेन" इतकं मनापासून म्हटलं, की मला पुढे बोलवेना.

थंडी संपता संपता ती कामावर कोसळली. काखेतली गाठ फुटली होती, चादरीला रक्त लागलं. मुकादम आधी चादरीवरून ओरडला, मग तिच्याकडे धावला. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. आजार हाडांत उतरलाय, आता दुखणं कमी ठेवायचं, एवढंच आमच्या हातात, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

ताई रडली नाही. दोन दिवसांनी मला जवळ बोलावून म्हणाली, "बरं कर असं आता मागत नाही मी. सोसायची ताकद मागते. ती देतो तो, खरंच देतो. पण तू मंडळीत जाऊन सांग, मी बरी झाले नव्हते. माझं ऐकून कुणी घरी बसलं असेल."

रविवारी मी उभी राहिले. लोकांना वाटलं, आता गोड काहीतरी ऐकायला मिळणार. मी म्हटलं, "ताई बरी झाली नाही. कधीच झाली नव्हती. कुणाचं काही दुखत असेल तर डॉक्टरकडे जा." एवढं बोलून खाली बसले. कुणी खोकलं. साहेबांनी शेवटचं गीत सुरू करायला सांगितलं.

फाटकाशी सुतारकाका माझ्या मागे आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माझी कळही गेली नाही. जिना चढलो की जीव नकोसा होतो."

मी विचारलं, मग पुढच्या रविवारी तुम्हीही सांगाल का? त्यांनी टोपी हातात घेतली, परत घातली. पुढच्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा आहे म्हणाले. पाहुणे येणार, त्यात हे कशाला. आणि तू कुणाला बोलू नकोस.

मी तडक दवाखाना गाठला. ताई जागी होती. लोक काय म्हणाले, तिने विचारलं. मी रागाच्या भरात सुतारकाकांचं सगळं सांगून टाकलं. त्या माणसाने तोंड मिटून ठेवलं असतं, तर तू उठलीच नसतीस, असंही म्हणाले.

तिने डाव्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाली, "त्यांचं खोटं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. ज्याला दुखतं तो माणूस कसा उभा राहतो, मला माहीत नाही का?"

"मग तू का उठलीस?"

"मला वाटलं, त्यांचं नाही तर निदान माझं तरी खरं होईल."

तिला पाणी हवं होतं. मी चमच्याने पाजलं, तोंड पुसलं. मग तिने माझा हात धरला आणि ताकदीसाठी प्रार्थना कर म्हणाली. मी डोळे मिटले. देवावर मी इतकी चिडले होते की त्याला हाकसुद्धा मारवेना. ताई वाट बघत राहिली. शेवटी तिनेच सुरुवात केली आणि स्वतःच्या आधी माझ्यासाठी ताकद मागितली.