सुरभीच्या रक्ताचा फोटो

पुसदच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी मशीन लर्निंगची कार्यशाळा भरली होती. शेवटच्या दिवशी, त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या फरहानाची आपलं काम दाखवायची पाळी होती. रक्ताचे फोटो पाहून सिकलसेलचा आनुवंशिक आजार ओळखायला तिने कॉम्प्युटरला शिकवलं होतं आणि चाचणीत त्याने जवळजवळ सगळे फोटो बरोबर ओळखले होते. सोमवारी हेच शिकवून तयार केलेलं मॉडेल पांढरकवड्याकडच्या तपासणी शिबिरात न्यायचं होतं.

"कोणाचं ताजं रक्त घेऊन दाखवा ना," प्राचार्य म्हणाले.

वनस्पतिशास्त्राच्या सुरभीने हसत बोट पुढे केलं. तिचं लग्न ठरलं होतं. होणारा नवरा, अमर, शेवटच्या रांगेत बसला होता.

फरहानाने स्लाइडवर थेंब पसरवला, रंगवला, फोटो काढला. पडद्यावर उमटलं: सिकलसेल, नव्व्याण्णव टक्के.

सुरभीने वळून अमरकडे पाहिलं. तो पडद्याकडेच पाहत होता.

"आपा, हे खरं आहे काय?" तिने फरहानाला विचारलं. "मले तर कधी काही झालं नाही."

फरहानाने मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळ्या पेशी गोल होत्या, विळ्यासारखी वाकडी एकही नाही.

"कधीकधी आपल्याला दिसत नाही ते मॉडेलला दिसतं," नागपूरहून शिकवायला आलेले अश्वजित सर हळूच म्हणाले.

फरहाना क्षणभर डगमगली. मग तिला फोटोतला पिवळसर उजेड दिसला. कॉलेजच्या मायक्रोस्कोपचा दिवा सकाळीच गेला होता, म्हणून आज पांढरकवड्याहून आणलेला मायक्रोस्कोप वापरला होता. आजाऱ्यांचे सगळे फोटो याच मायक्रोस्कोपवर काढलेले होते आणि निरोग्यांचे सगळे कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर.

तिने एक कोरी स्लाइड ठेवली, रक्ताचा थेंबही नसलेली. फोटो काढला.

सिकलसेल, अठ्ठ्याण्णव टक्के.

"सर, हे पेशी पाहूनच नाही राह्यलं," ती म्हणाली. "फक्त उजेड पाहून राह्यलं."

प्राचार्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. "मॅडम, हे नंतर बोलू."

"नंतर नाही सर. शिबिरात हाच मायक्रोस्कोप जाणार होता. तिथल्या एकूण एक लेकराले यानं आजारी ठरवलं असतं. चूक माझी आहे."

"माझीही," अश्वजित सर म्हणाले. "चाचणीचे फोटोही शिकवायच्या फोटोंच्याच गठ्ठ्यातून घ्यायला मीच सांगितलं. सोमवारी नेहमीचीच तपासणी होऊ द्या. आपण दोन्ही मायक्रोस्कोपवर दोन्ही प्रकारचे फोटो काढून पुन्हा सुरुवात करू."

सुरभीने मात्र लॅबमध्ये रीतसर तपासणी करून घेतली. संध्याकाळी रिपोर्ट आला. तिला आजार नव्हता, आणि तो मुलांना देऊ शकणारी वाहकही ती नव्हती.

अमर व्हरांड्यात वाट पाहत होता. रिपोर्ट वाचून त्याने मोठा श्वास सोडला. "चला, सुटलो."

दुपारपासून तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. सुरभीने त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि फरहानाकडे वळली.

"आपा, मले तुमच्या गाडीवर घरी सोडून देता काय?"