सालोमी मावशीची अळी

श्रीरंग मास्तरांना कुणाच्या पैशाचा, बंगल्याचा, परदेशातल्या मुलाचा कधी हेवा वाटला नाही. हेवा वाटायचा तो एकाच गोष्टीचा. आगाशीच्या वॉल्टरकडे असलेल्या दोन पिनांचा.

त्या पिना साध्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात ज्याचं विमान पडलं आणि जो पॅराशूटमुळे जिवंत खाली आला, त्या माणसाला पॅराशूट बनवणारी कंपनी सोन्याची एक छोटी अळी पाठवायची. अळी का, तर पॅराशूट रेशमाचं आणि रेशीम अळीचं. मागच्या बाजूला त्याचं नाव कोरलेलं असे. मास्तर विरारच्या फुलपाड्यातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर मुलांना हे सांगायचे, तेव्हा रुमालाच्या चारी टोकांना दोरे बांधायचे, खाली खडूचा तुकडा लटकवायचे आणि पाण्याच्या टाकीवरून सोडायचे. रुमाल फुगायचा, खडू अलगद उतरायचा. "बघा, तुटला का?" मुलं ओरडायची, "नाही!"

"मास्तर आजोबा, तुमच्याकडे आहे का ती अळी?" एखादं पोर विचारायचंच.

"अजून नाही," मास्तर म्हणायचे आणि रुमालाची घडी घालू लागायचे.

त्यांच्याकडे बाकी पुष्कळ होतं. हवाई दलाची पितळी बटणं, टोप्यांवरची चिन्हं, छातीवर लावायचे कापडी पंख. ते सगळं निळ्या मखमलीच्या चौकटीत लावलेलं होतं. चौकटीच्या मधोमध त्यांनी अळीच्या मापाची एक खाच करून ठेवली होती. ती बरीच वर्षं रिकामी होती.

वॉल्टर विमानतळावर मेकॅनिक होता, आता निवृत्त. या पिनांची माहिती त्याला मास्तरांनीच दिली होती. एका जुन्या मासिकातला लेख त्यांनी त्याला दोनदा समजावून सांगितला होता. आणि मग शिष्याला एक पिन चोरबाजारात बटणांच्या ढिगात सापडली, दुसरी देवळालीच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं प्रेमानं दिली. वर्गात एखादं पोर आपल्यापुढे गेलं, तर मास्तरांना आनंद व्हायचा. वॉल्टर पुढे गेला, तेव्हा मात्र रात्री आंबट ढेकर आले.

तरी दर रविवारी ते विरारहून बस पकडून आगाशीला जायचे. वॉल्टर कपाटाचं कुलूप काढायचा, भिंग पुढे करायचा. "बघ मास्तर, सावकाश बघ." त्या 'सावकाश'चाच मास्तरांना राग यायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. वॉल्टर किल्ली शोधायला आत गेला होता. मास्तर कपाटापुढे उभे होते आणि उगाच त्यांची नजर वर गेली. कपाटावर वॉल्टर आणि इझाबेलच्या लग्नाचा फोटो होता. इतकी वर्षं तो तिथेच होता, पण मास्तरांनी कपाटाच्या वर कधी पाहिलंच नव्हतं. इझाबेलच्या डोक्यावरची पांढरी वेल, म्हणजे नवरीची जाळीदार ओढणी, कानाजवळ एका छोट्या पिनेनं धरलेली होती. पाठीत बाक आलेली, बारीक पिन.

मास्तरांनी भिंग फोटोला लावलं. अळी होती.

"ही कुठली?" वॉल्टर बाहेर येताच त्यांनी विचारलं.

"ती होय? सालोमी मावशीची. आमच्या आळीतल्या सगळ्या नवऱ्या तीच लावतात. आता आमच्या लेकीलाही लावू, सँड्राला."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? ती गावची आहे मास्तर, माझी कुठे?"

मास्तरांनी त्या दिवशी चहा अर्धा टाकला. बसमध्ये त्यांच्या डोक्यात एकच चाललं होतं. जानेवारीत सँड्राचं लग्न. म्हणजे अळी वॉल्टरच्या घरात येणार, कपाटाच्या शेजारी. म्हणूनच हा इतकी वर्षं गप्प होता. तिसरी पिन. तिथून ती पुन्हा बाहेर कशाला येतेय?

दोन दिवसांनी ते सालोमी मावशींच्या ओट्यावर होते. लाल लुगड्यातली म्हातारी विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. मास्तरांनी आधी अळीची चौकशी केली. मावशींचा भाऊ फ्रान्सिस बर्मात जळत्या विमानातून उडी मारून वाचला होता. मावशींच्या लग्नात त्यांची वेल सारखी घसरत होती, तेव्हा त्यानं कोटावरची अळी काढून ती वेलला टोचली.

"तेव्हापासून पोरी मागायला येतात," मावशी म्हणाल्या. "पोरगीपण उडीच मारते ना, बापाच्या घरातून. खाली काय हाय ते तिला थोडंच दिसतं?"

मास्तरांना हे फार आवडलं. पण ते ज्या कामासाठी आले होते, ते वेगळं होतं.

"मावशी, एक बोलू का? वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट असंल तर वाटंलच. बोला."

"वॉल्टरला असल्या पिनांचा नाद आहे. लग्नाच्या गडबडीत वस्तू इकडची तिकडे होते. हरवली म्हणतात. मग पुढे कधीतरी..."

"कपाटात सापडते."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाय, तुम्ही नाय म्हटलं." मावशींनी जुडी बाजूला ठेवली, आत गेल्या आणि दंतमंजनाचा एक जुना डबा घेऊन आल्या. आत कापसावर अळी होती. डोळ्यांच्या जागी दोन लाल खडे. "मग तुम्हीच ठेवा. लग्नाच्या दिवशी सँड्राच्या वेलला तुमच्या हातानं लावा."

मास्तरांनी डबा सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि बसमध्ये त्यावर हात धरून बसले.

घरी आल्यावर त्यांनी अळी चौकटीच्या खाचेत बसवली. अगदी बरोबर बसली. त्यांच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या, "छान दिसते," आणि कुकर लावायला गेल्या. गच्चीवरच्या मुलांना दाखवली, तर एका मुलीनं विचारलं, "तुम्ही कधी मारली उडी?" मास्तरांनी फ्रान्सिसची गोष्ट सांगितली. मुलांनी ती मन लावून ऐकली, पण मास्तरांना वाटलं होतं तसं काही झालं नाही. त्यांना हवे होते ते वॉल्टरचे डोळे. वॉल्टरनं इथे उभं राहावं, आपण भिंग पुढे करावं आणि म्हणावं, सावकाश बघ.

पण रविवारी वॉल्टरचा फोन आला. "मावशींनी सांगितलं मला, तू काय म्हणालास ते," तो म्हणाला. "मी चोर काय रे मास्तर?" आणि त्यानं फोन ठेवला. त्यानंतरचे रविवार मास्तरांनी चौकटीपुढे बसून काढले.

लग्नाच्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. "अंग मोडून आलंय," ते म्हणाले. "बहुतेक ताप आहे."

मनोरमाबाईंनी कपाळाला हात लावला. "ताप नाही. त्या अळीनं धरलंय तुम्हाला. पोरीची वेल अळीवाचून ठेवणार आहात का? उठा."

"दोन दिवसांनी दिली तर काय बिघडतं?"

"मग हरवली म्हणून सांगा. तुम्हीच शिकवलंत ना म्हातारीला, कसं म्हणतात ते."

मास्तर उठले.

वॉल्टरच्या अंगणात मांडव होता, मागच्या बाजूला मैद्याचे गोल फुगे तळले जात होते. इझाबेल दारातच भेटली. "आलात? हे म्हणत होते, येणार नाहीत."

वॉल्टर सुटात उभा होता. "आणलीस?"

"आणली."

"दाखव तरी." मास्तरांचा हात खिशातून निघेना, तसा तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "घाबरू नकोस. कपाटाची किल्ली इझाबेलकडे दिलीय."

मास्तर तडक नवरीच्या खोलीत शिरले. सँड्रा आरशासमोर बसली होती. त्यांनी कानाजवळची वेल चिमटीत धरली, अळी टोचली, आकडा लावला. काम झालं. पण बोटं तिथेच राहिली.

"काका," सँड्रा म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "काका, सोडा ना. वेल ओढली जातेय."

आरशात मास्तरांना आपला चेहरा दिसला आणि मागे दारात उभा असलेला वॉल्टर दिसला. वॉल्टर लेकीकडे बघत नव्हता. तोही अळीकडेच बघत होता. मास्तरांनी हात सोडला.

चर्चमध्ये लग्नाची मिस्सा झाली, जेवणं झाली. संध्याकाळी मावशींनी सँड्राच्या वेलची अळी काढून डब्यात ठेवली आणि मास्तर आणि वॉल्टर दोघांना समोर बोलावलं.

"मास्तर, तुम्हाला का दिली ठाऊक हाय? मी आता थकले. माझ्यामागं अळी राखायची कुनी? एकाकडे दिली तर एक दिवस ती त्याचीच होनार. दोघांकडे फिरती ठेवली, तर एक दुसऱ्यावर डोळा ठेवंल. कुत्रं पाळन्यापेक्षा हे बरं."

बाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मावशींनी डबा वॉल्टरच्या हातात दिला. "पुढचं लगीन आपल्या आळीतल्या स्टॅनीच्या पोरीचं, ईस्टरनंतर. तवर तुझ्याकडं. मंग मास्तरांकडं."

वॉल्टरनं डबा कोटाच्या खिशात घातला, वरून थोपटला आणि मास्तरांकडे बघितलं.

"कुठे ठेवणार आहेस?" मास्तरांनी विचारलं.

"ये ना रविवारी, बघ." वॉल्टरनं कोटाचं बटण लावलं. "चोराच्या घरी चहा चालत असेल तर."

"आता तर यावंच लागेल," मास्तर म्हणाले. "राखणीचं काम आहे."

"भिंग काढून ठेवतो."

"नको. मी माझं आणीन."