ओलेत्याची घागर

अवनी सातव्या महिन्यातच झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मला बाहेरूनच बघू देत. तेव्हा मी मनातल्या मनात महादेवाला बोलले: ही धडपणी घरी आली, तर रोज सकाळी विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने एक घागर पाणी तुझ्या पिंडीवर घालीन. अवनी घरी आली. आता ती पुण्यात नोकरी करते.

आमचं घर जामसंड्यात. वाडीची विहीर खाली आणि देऊळ वर, मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी. घागर एकदा कमरेवर घेतली की पिंडीवर रिकामी होईपर्यंत खाली टेकवायची नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. अडचणीचे दिवस आणि परगाव सोडलं तर मी चुकले नाही. मी पाणी नेते हे वाडीला दिसत होतं. कशासाठी नेते, हे यजमानांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. व्रत बोलून दाखवलं की हलकं होतं, असं आईने शिकवलेलं.

गेल्या वर्षी डाव्या छातीत गाठ लागली. देवगडच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला धाडलं. आम्ही दोघं तळेऱ्यावरून घाट चढून गेलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की पूर्ण स्तन काढावा लागेल, रोग मात्र वेळेवर सापडला आहे. मी हात जोडले. जीव वाचतोय म्हटल्यावर आणखी काय मागायचं, असंच वाटलं होतं.

मग प्लास्टिक सर्जनबाईंकडे पाठवलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं सावकाश. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट घ्यायची, छातीवर बसवायची, आणि वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडायच्या. आपलंच मांस, आपलंच रक्त.

"पण करायलाच हवं असं काही नाही, सुभद्राताई," त्या म्हणाल्या. "कितीतरी बायका सपाट ठेवतात आणि छान राहतात. नंतर वाटलं तर नंतरही करता येतं."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. यजमान हायस्कुलात गणित शिकवायचे. शब्द मोजून वापरायची सवय.

"तुका काय व्हया ता सांग," ते म्हणाले. "माझ्यासाठी करू नको. माका काय फरक पडणा नाय."

माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. कोरड्या साडीत पदर सगळं झाकतो. ओलेत्यात काही झाकत नाही, साडी अंगाला चिकटते. पाखाडी जिथे रस्त्याला लागते, तिथे सकाळच्या एसटीसाठी चार पुरुष उभे असतात. एक बाजू भरलेली, एक सपाट, अशी मी त्यांच्यासमोरून रोज कशी जाणार? ब्लाउजमध्ये गादी ठेवतात ती भिजून खाली उतरेल. लाजेने एखाद्या दिवशी पाऊल मागे घेतलं, तर व्रत तिथेच मोडलं. म्हणून मी हो म्हटलं. नटायसाठी नाही. पण हे सर्जनबाईंना कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं पुन्हा समजावलं. शक्यतो पोटाचा स्नायू घेत नाही. पण वाहिन्या कशा निघतात ते आत गेल्याशिवाय नक्की कळत नाही. बारीक निघाल्या तर स्नायूचा तुकडाही घ्यावा लागतो, आणि मग पोटाला पूर्वीचं बळ राहत नाही.

"म्हणून विचारते, ओझं उचलायचं काम आहे का तुम्हाला? शेती, पाणी भरणं?"

"नाही," मी म्हटलं. "घरात नळ आहे."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते काही बोलले नाहीत. व्रत माझं, तेव्हा सांगायचं की नाही तेही मीच ठरवायचं, असं त्यांनी धरलं असणार. सर्जनबाईंनी पान उलटलं.

शुद्धीवर आले तेव्हा खोली उबदार ठेवलेली होती, आणि गुडघे वर, पाठ वर, अशी मी मधोमध दुमडलेली. पोटावर आडवी शिवण, दोन्ही अंगांना नळ्या. रात्रपाळीची नर्स जॉयसी आमच्याच जिल्ह्यातल्या रेडी गावची निघाली. माझं बोलणं ऐकून तिने लगेच मालवणी सुरू केली. थोड्या थोड्या वेळाने ती एक लहानसं यंत्र नव्या छातीवर टेकवायची, आणि त्यातून फणसाच्या झाडात वारा भरावा तसा आवाज यायचा.

"आयकलंस? तुझाच रगात धावता," ती म्हणायची. "जिवंत आसा. आता झोप बघू."

पहिल्यांदा उठवून चालवलं तेव्हा मला कमरेतून सरळ होता येईना.

"भिया नको गो बाय," जॉयसी म्हणाली. "सुरवातीक सगळे अशेच चलतत, जमिनीर काय पडला ता सोधीत."

मला हसू आलं आणि शिवण ओढली. त्याच हसण्यात मी विचारून बसले, "घागर कधीपासून उचलूची?"

"घागर? कसली घागर?"

मी सांगितलं. का नेते ते नाही, फक्त नेते एवढं. पाखाडी, कमरेवरची घागर, खाली न टेकवणं. जॉयसीचं हसू हळूहळू गेलं. तिने मला कॉटवर बसवलं.

"ह्यां डॉक्टरांक सांगललंस?"

"नाय. असला सांगूचा नसता."

"माका मात्र आता सांगूकच व्हया," ती म्हणाली, आणि माझ्या पायांवर चादर नीट करत राहिली.

सकाळी सर्जनबाई आल्या आणि कॉटच्या कडेला बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही मला घरात नळ आहे म्हणालात."

"नळ आहे."

"ताई, तुमच्या वाहिन्या बारीक निघाल्या. स्नायूचा मोठा तुकडा घ्यावा लागला. पोट आतून जाळी घालून शिवलंय. तुमचे बरेचसे दिवस पूर्वीसारखेच जातील. पण भरलेली घागर नाही. आता नाही, पुढेही नाही. पोटाला फुगवटा येईल. तांब्या चालेल, लहान कळशीही मी नको म्हणेन."

मी यजमानांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"हे आधी कळलं असतं तर मी पोटाला हातच लावला नसता," त्या म्हणाल्या. "सपाट राहा म्हटलं असतं, निदान थांबू म्हटलं असतं. तुम्हाला हे इतकं कशासाठी हवं होतं?"

तेव्हा मी सांगितलं. ओलेत्याने देवळात जायचं होतं, म्हणून.

 सर्जनबाई माझ्या हातावर हात ठेवून उठल्या. त्या गेल्यावर यजमान म्हणाले, "माका बोलूक व्हया होता." मी म्हटलं, तुमचा काय दोष. ते पुन्हा म्हणाले, "माका बोलूक व्हया होता, गो."  

घरी आल्यावर न्हाऊ घालायला अक्का आल्या. अक्का म्हणजे यजमानांची मोठी बहीण, विधवा, तोंडाने तिखट. जखमा भरल्या तशी एक दिवस त्यांनी पाण्याचा हात थांबवून मला नीट निरखलं.

"बरा केल्यानी हां. माझ्यापेक्षा तुझाच बरा दिसता."

"अक्का, काय तरीच."

"खोटा काय त्यात? माझा खंय रवला आता?"

दिसायला खरंच चांगलं झालं होतं. पण डाव्या बाजूला पाणी ऊन की गार ते कळत नव्हतं. अक्का आधी आपल्या कोपरावर बघून मग ओतायच्या. स्वतःच्या अंगावर पाणी पडल्याचं मला डोळ्यांनी कळायचं.

महादेवाची घागर बंद होती. देवळात कधी जातलंस, असं अक्का रोज विचारायच्या. शेवटी मी त्यांनाही सांगितलं. एवढा काळ जपलेलं बोलणं एकेक करून सगळ्यांना सांगायची वेळ आली होती. सगळं ऐकून त्या पाटावरच बसल्या.

"म्हणजे ते चार बाप्ये बघतीत म्हणून तू पोट फाडून घेतलंस?"

"तसा नाय, अक्का."

"मगे कसा? ओलेत्यार शाल घेवची होती. जावचा होता गपचूप."

"ओलेत्यार कोरडा वस्त्र चालत नाय."

"असा कोणी सांगल्यान?"

मी आठवून पाहिलं. आईने नाही. गुरवाने नाही. देवाशी बोलले तेव्हा मी ओलेत्याने एवढंच म्हटलं होतं. शाल नाही, हे मीच त्यात घातलं होतं, कधी घातलं तेही आठवेना.

अक्कांनी मग एकच धरलं, की त्या घागर उचलतील आणि मी मागून चालायचं. मला ते पटेना. बोलले मी, आणि भार त्यांनी वाहायचा? त्यांचेही गुडघे गेलेले. शेवटी गणपत गुरवाला सांगून देवाला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे अडलं की देवालाच विचारतात. पाण्यात बुडवलेल्या फुलांच्या पाकळ्या देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळी कधी कधी अर्धा दिवस हलत नाही.

त्या दिवशी गणपतने पिंडीला पाकळ्या लावल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, ह्यां तुझा लेकरू तुका रोज घागर घाली. आता तिच्यान उचलवणा नाय. तांब्याभर पाणी तू मानून घेतलंस तर उजवी दी."

त्याने हात खाली घेतले न घेतले, तोच उजवी पाकळी सुटली आणि शाळुंकेवर पडली.

"बघ," अक्का म्हणाल्या. "वाटच बघी होतो."

सगळ्यांना आनंद झाला. यजमानांनी डोळे पुसले. मी नमस्कार केला, पण आत काहीतरी खचत गेलं. एवढ्या लवकर? इतकं सोपं होतं हे? मग आधी येऊन, मी सपाट होऊन शाल पांघरून येते, चालेल का, असं विचारलं असतं तर? देवाकडे सूट मागणं मला कधी सुचलंच नाही. तो अडून बसला आहे असंच मी धरून चालले होते.

अक्कांच्याही मनात तेच आलं असावं. "गणपत," त्या म्हणाल्या, "आणखी एक इचार. ओलेत्यार शाल घेतली असती तर चलला असता काय?"

गणपतने मान हलवली. "जा होवन गेला, ता देवाक इचारूचा नसता, अक्कानू." आणि त्याने डावी पाकळी हाताने काढून निर्माल्यात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या नेते. पोटाला पट्टा, त्यावर ओली साडी. दोन्ही बाजू सारख्या दिसतात. एसटीवाले पुरुष मान वर करत नाहीत. बहुधा पूर्वीही करत नसतील, मीच कधी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. परवा अवनीने फोनवर विचारलं, "आई, घागर बंद केलीस ना? सुटलीस बाई एकदाची." मी हो म्हटलं. ती घागर कोणासाठी होती ते एवढ्या वर्षांत तिला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगितलं तर या सगळ्याचं ओझं ती स्वतःवर घेईल.

घागर ओतायला वेळ लागायचा. ती हळूहळू कलती करत मी एकेक नाव घ्यायचे, आधी देवाचं, मग अवनीचं, मग घरातल्या प्रत्येकाचं, आणि शेवटच्या नावापर्यंत धार पुरायची. तांब्या देवाच्या नावातच संपतो. मग रिकामा तांब्या पिंडीवर धरून मी बाकीची नावं कोरडीच घेते.