मागच्या पानावरचं उत्तर

मार्तंडमास्तरांच्या ओसरीवर रोज दुपारी तीनला कुणीतरी येऊन थांबायचं. पायऱ्यांवर अनवाणी पावलं वाजायची, उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथंच थबकायची. आत कुणी येत नसे आणि परत गेल्याचीही चाहूल लागत नसे. मास्तर उठून बघत, तर अंगणात नुसतं ऊन. तीन ही रवळूच्या शिकवणीची वेळ होती, आणि रवळूला जाऊन दोन महिने झाले होते.

मास्तर अनगोळचे. पंचवीस वर्षं गणित शिकवलेलं. दबदबा असा, की बेळगावातल्या वकिलांची मुलंसुद्धा त्यांच्या ओसरीवर दबकत चढत. त्यांचा एक दंडक होता आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लंडनला छापलेल्या एका जाड पुस्तकातली उदाहरणं ते घालत आणि सोडवून आणलेलं उत्तर मागच्या पानांवरच्या छापील उत्तराशी ताडून बघत. जुळलं तर आत या. नाही जुळलं तर तेच उदाहरण पहिल्यापासून, आणि जुळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. या दंडकानं कितीतरी मुलं पास झाली, म्हणून मास्तरांना तो बरोबर वाटे. पास झालेलीच तेवढी पेढे घेऊन येतात, ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती.

रवळू कडोलीचा, शेतकऱ्याघरचा. वय बावीस. बाप नव्हता, आई मालुबाईनं वाढवलेला. धारवाडच्या कॉलेजात बी.ए.ला गणितात घसरला, म्हणून वर्षभर घरी राहून पुन्हा बसणार होता. पास झाला असता तर त्याच्या गल्लीतला पहिला बी.ए. अडीच तास चालत तो शिकवणीला यायचा आणि घाम पुसून मगच पायरी चढायचा.

मार्गशीर्षात मास्तरांनी त्याला कॅल्क्युलसचं एक उदाहरण घातलं. चार तिरक्या रेषांनी वेढलेला तुकडा, त्याच्यावर दुहेरी इंटिग्रेशन करायचं. रवळूनं ते शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं. वाकडा वाफा सरळ करून घ्यावा तसं त्यानं एक्स आणि वायच्या जागी यू आणि व्ही आणले, आणि तिरका तुकडा नीट चौकोनी झाला. असं करताना जागा ताणली जाते, इथं तिप्पट, आणि शेवटी तेवढ्यानं भागावं लागतं. भलेभले हे विसरतात, रवळू विसरला नाही. त्याचं उत्तर आलं तीन. पुस्तकात होतं आठ.

मास्तरांनी तांबडी काट मारली.

"गुरुजी, चारदा करून बगितलं," रवळू म्हणाला. "तीनच येतंय."

"म्हणजे चारदा चुकलास."

"पुस्तकात चुकलं असंल काय?"

मास्तर हसले होते. ते हसणं आता त्यांना आठवायलाही नको वाटे. "लंडनचे विद्वान चुकले आणि कडोलीचा रवळू बरोबर. जा, जुळल्यावर ये."

रवळू गेला तो आलाच नाही. पौषात कडोलीत उंदीर मरून पडले, प्लेगाच्या भीतीनं गाव उठलं आणि शेतात खोपी घालून राहिलं. माघात निरोप आला, रवळू प्लेगात गेला. प्लेगापुढं कुणाचं चालतं, असं म्हणून मास्तरांनी मनाची समजूत घातली. त्याच आठवड्यात ओसरीवर पावलं वाजायला लागली.

चैत्रात गोपाळ नावाच्या वकिलाच्या मुलानं तेच उदाहरण सोडवून आणलं. उत्तर तीन. मास्तरांनी पेन्सिल उचलली, एवढ्यात पायऱ्यांवर पावलं आली आणि उंबऱ्याशी थांबली. गोपाळनं मानसुद्धा वर केली नाही. त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. मास्तरांनी मात्र काट मारली नाही. कोण जाणे का, पण त्यांनी कोरा कागद ओढला आणि ते उदाहरण आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सोडवलं. तीन. मग यू-व्ही न वापरता, तुकडे पाडून, लांबच्या वाटेनं केलं. तरी तीन. छापखान्यातल्या कुणीतरी इंग्रजी तीनच्या जागी आठचा खिळा बसवला होता, बस, एवढंच झालं होतं.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. गोपाळला त्यांनी घरी पाठवलं आणि उंबऱ्याकडं तोंड करून म्हणाले, "आत ये, रवळू." कुणी आत आलं नाही. आपण हे चुकीच्या दारात बोलतोय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ते कडोलीची वाट चालू लागले. रवळूच्या आईला खरं सांगायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं, आणि तेवढ्याच विचारानं वाटेत दोनदा पाय माघारी वळले.

कडोलीत लोक घरात परतले होते. मास्तरांनी पत्ता विचारला, तर कट्ट्यावरचा भरमू नावाचा म्हातारा म्हणाला, "त्या भिंतीवाल्याचं घर व्हय? ह्ये काय, शेजारीच. गनित येत न्हवतं बिचाऱ्याला. त्येच्या नादातच मेलं पोरगं." आजूबाजूच्यांनी माना हलवल्या. गावात हे सगळ्यांना पाठ झालेलं दिसत होतं.

मालुबाईनं पाणी दिलं आणि काही न विचारता त्यांना माजघरात नेलं. पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत वरपासून खालपर्यंत कोळशानं भरली होती. तेच उदाहरण, पुन्हा पुन्हा. मास्तर मोजायला लागले आणि मधेच थांबले.

"कागद संपलं, मग भित्ताडावर लिवाय लागला," मालुबाई म्हणाली. "त्येवड्यात गाव उठलं. खोपीला कुठली आलीया भित? रोज दुपारचा गावाच्या चोरून ह्या बंद घरात यायचा. मी म्हनलं, मरशील रं. तर म्हनला, गुरुजीनी सांगितलंय, जुळल्याबिगर यायचं न्हाय." तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "सरकारी मानसं प्लेगाच्या घरास्नी चुना माराय आलती. मी आडवी पडलो. म्हनलं, एवडी भित ऱ्हाऊ दे."

मास्तरांना बसावंसं वाटत होतं, पण त्या घरात बसायचा त्यांना धीर झाला नाही.

"मला लिवाय-वाचाय येत न्हाय," ती भिंतीजवळ गेली. "पर आकडा वळखतो. सगळीकडं ह्यो आकडा, शेवटाला तेवडा ह्यो दुसरा. ह्यो आला तवा लई दिसांनी हसला. म्हनला, आई, जुळलं. उद्या अनगोळला जातो. उद्याला काखंत गाठ."

मास्तर वाकले. शेवटच्या मांडणीत, मधल्या एका ओळीत, रवळूनं जाणूनबुजून एक खोटा आकडा घुसडला होता. तिथं कोळसा इतका दाबला होता की माती उकरली गेली होती. पोरगा थकला होता. इतका थकला होता, की स्वतःचं खरं मोडून त्यानं मास्तरांचं खोटं पुरं केलं होतं.

"बरोबर हाय न्हवं गुरुजी त्ये?"

हो म्हणून निघून जाता आलं असतं. त्या गावात त्यांना खोडून काढणारं कुणी नव्हतं, आणि ही बाई जन्मभर त्या आठवर समाधान मानून राहिली असती.

"नाही," ते म्हणाले. "हे एकच चूक आहे. बाकी सगळी बरोबर आहेत."

"म्हंजे पैल्या दिसाचं बी?"

"पहिल्या दिवसाचंही. पुस्तक चुकलं होतं. तो मला म्हणाला होता. मी बघितलं नाही."

एवढ्यात भिंतीवर बारीक खरखर सुरू झाली, कोळसा ओढल्यासारखी. थांबायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. दुपारचे तीन वाजत आले होते.

"तुमास्नी बी ऐकू येतंय?" तिनं विचारलं.

"येतंय."

"मला वाटायचं, माज्याच डोस्क्यात हाय." तिनं पदर खोचला. "भायेर चला."

तिनं त्यांना गल्लीत आणून उभं केलं. "आता हितं सांगा."

मास्तरांनी सांगितलं. पण हळूच.

"मोठ्यानं गुरुजी. भरमूला ऐकू जाऊ दे. त्योच सांगतोय गावभर, माज्या लेकाला गनित येत न्हवतं म्हनून."

मग मार्तंडमास्तर, ज्यांनी पंचवीस वर्षांत कुणापुढं मान खाली घातली नव्हती, कडोलीच्या भर गल्लीत ओरडून म्हणाले, "रवळूचं गणित बरोबर होतं. चूक माझी. माझ्या चुकीपायी तो त्या घरात जात राहिला." दारादारांतून माणसं बाहेर आली. भरमू कट्ट्यावरून उठून उभा राहिला. मालुबाईनं मास्तरांना ते सगळं परत एकदा सांगायला लावलं.

आत खरखर चालू होती की थांबली, ते मास्तरांना समजलं नाही. कारण मालुबाई आता रडत होती, लेक गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि तिला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं.