खाली कोण राहिलं?

मनिषचा प्रोग्राम त्रेचाळीस अक्षरांचा, गुंजनचा एक्कावन्न. तुमसरच्या कॉलेजातला हा मनिष दर रविवारच्या ऑनलाइन कोड्यात पहिला यायचा आणि वर ‘छान प्रयत्न’ लिहून जखमेवर मीठ चोळायचा. आज पाचला कोडं बंद व्हायच्या आत त्याला हरवायचंच, असा चंग गुंजननं बांधला होता.

कोडं एवढंसं. आकड्यांची यादी द्यायची. प्रत्येक आकडा दोनदा, एकच एकदा. तो एकटा कमीत कमी अक्षरांत शोधायचा.

“यादी ओळीनं कायले लावून राहिली वं?” मागून केवळरामनं विचारलं. केवळराम म्हणजे तिचे बाबा, खाणीच्या टोकनखोलीत कामाला. मजूर खाली उतरताना आपल्या नंबरचं एक टोकन पेटीत टाकतो, वर आला की त्याच नंबरचं दुसरं. “आमी नाई लावत. जोडी दिसली का काढाची. उरला तो खाली.”

गुंजन चमकली. दोन सारखे आकडे समोरासमोर आले की एकमेकांना पुसून टाकतात, असं एक चिन्ह असतं. तिनं ते आकड्यांच्या मधे बसवलं. सदतीस अक्षरं! पाचला दहा कमी असताना पाठवलं आणि तिचं नाव पहिल्या नंबरावर चढलं. ती खुर्चीतच नाचली.

केवळरामला मात्र चैन पडेना. “अन् दोघं राह्यले त?”

“कोड्यात एकच राहतो, बाबा.”

“पाह्य त खरं.”

तिनं सात आणि बारा एकेकदाच घातले. उत्तर आलं, अकरा.

“अकरा त यादीतच नाई!” केवळराम हसला, पण नजर त्या अकरावरच राहिली.

“खरंच दोघं राहिले होते काय कधी?”

“जुन्या खाजगी खाणीत. टोकनवाल्यानं खाली एकच उरला असं धरलं. तो भेटला, सारे घरी गेले. दुसरा खालीच, पाय अडकलेला.”

“कोण होता?”

“मी. तवापासून टोकनं मीच पाहातो.”

गुंजन खुर्चीत मागे वळली. हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. “मग तुमाले शोधलं कोणी?”

“तुया मायनं. पेटी नाई पाह्यली, का कागद नाई पाह्यला. फाटकावर उभी राह्यली अन् एकच बोलली, माहा मानूस घरी आला नाई.”